सायकलीचा वेग आणि मोटारचालकाचा अंदाज

शहरातील गजबजलेल्या रस्त्यावर, दुभाजक जेथे तुटतो तेथे, उजवीकडे वळण्याच्या बेतात उभ्या असलेल्या मोटारीच्या चालकाला एक लहानसा निर्णय घ्यावयाचा असतो. समोरून वाहने येत असतात आणि त्यांच्यामधून पलीकडे निघून जाण्याइतकी फट मिळेल की नाही, हे त्याला ठरवावयाचे असते. समोरून मालमोटार येत असेल तर तो थांबतो. मोटारसायकल येत असेल तर किंचित घुटमळतो. सायकल येत असेल तर तो बहुधा घुटमळतही नाही. मोटार सरळ पुढे काढतो. सायकलस्वार करकचून ब्रेक दाबतो, एक पाय जमिनीला टेकवतो, मोटार निघून जाते, आणि तो पुन्हा पायडलवर सगळा भार टाकून मार्गाला लागतो. या प्रसंगाची नोंद कोणत्याही पोलीस चौकीत होत नाही, कारण घडलेले काहीच नसते.

वस्तुतः पुष्कळ काही घडलेले असते. मोटारचालकाने सायकलीच्या वेगाविषयी एक अंदाज बांधलेला असतो, तो अंदाज चुकलेला असतो, आणि त्या चुकीची किंमत चूक न करणाऱ्या माणसाने जागच्या जागी चुकती केलेली असते. रस्त्यावरील सुरक्षिततेची चर्चा आपल्याकडे शिस्त, बेफिकिरी, दंड आणि संस्कार या शब्दांभोवती फिरत राहते. चालक बेफिकीर असतात हे खोटे नव्हे. तथापि अत्यंत सभ्य, परवानाधारक, दारूला न शिवणारा आणि सिग्नल पाळणारा चालकदेखील समोरून येणाऱ्या सायकलीचा वेग नीट ओळखू शकत नाही, आणि आपल्याला तो ओळखता येत नाही हेही त्याला ठाऊक नसते. प्रश्नाची खरी गाठ येथे आहे.

नजरेचे गणित

वेग डोळ्यांना दिसतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. डावीकडून उजवीकडे आडव्या जाणाऱ्या वाहनाच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे, कारण ते वाहन नजरेसमोर आपली जागा बदलत असते. समोरून सरळ अंगावर येणारी वस्तू मात्र जागा बदलत नाही. ती केवळ मोठी होत जाते. तिचा वेग ओळखावयाचा तर ती किती झपाट्याने मोठी होत आहे, एवढीच एक खूण नजरेपाशी असते.

एडिंबरो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ली यांनी १९७६ साली एक विचार मांडला. मोटार चालवणाऱ्या माणसाला पुढील वस्तूचे अंतर आणि वेग या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजण्याची गरजच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वस्तूच्या प्रतिमेचा आकार आणि तो आकार वाढण्याची गती यांचा भागाकार केला की टक्कर व्हावयास किती वेळ उरला आहे, ते आपोआप निघते. ली यांनी पुढे १९८१ साली समुद्रात सूर मारणाऱ्या गॅनेट या पक्ष्यांचा अभ्यास करून, पाण्याला भिडण्यापूर्वी पंख नेमके केव्हा मिटावयाचे हे पक्षी याच तऱ्हेने ठरवीत असावेत, असे प्रतिपादन केले. गंमतीचा भाग असा की, हेच सूत्र खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी १९५७ साली ‘द ब्लॅक क्लाउड’ या आपल्या कादंबरीत वापरले होते. सूर्यमालेकडे सरकणारा मेघ पृथ्वीपाशी केव्हा पोहोचेल, हे तेथील शास्त्रज्ञ त्या मेघाच्या वाढत्या आकारावरून काढतात. जयंत नारळीकरांचे गुरू म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेल्या या शास्त्रज्ञाची कल्पना चौकातल्या मोटारीलाही लागू पडावी, हा योग खचितच मजेदार आहे.

सूत्र सुंदर आहे. अडचण व्यवहारात येते. प्रतिमा वाढते आहे हे डोळ्याला जाणवण्यासाठी ती काही किमान गतीने वाढावी लागते. हॉफमन आणि मॉर्टिमर या संशोधकांनी १९९६ साली मोटारचालकांच्या बाबतीत ही मर्यादा दर सेकंदाला ०.००३ रेडियनच्या आसपास, म्हणजे अंशाच्या सहाव्या भागाएवढी असल्याचे दाखविले. त्याहून संथपणे वाढणारी वस्तू चालकाला स्थिर उभी असल्यासारखीच भासते. आता सायकलस्वार समोरून पाहिला तर त्याची रुंदी ती किती? हँडल आणि खांदे धरून साठ सेंटिमीटरच्या आसपास. बसची रुंदी अडीच मीटर असते. ताशी २० किलोमीटर वेगाने येणारी बस सुमारे ६८ मीटरवर असतानाच तिचे ‘येणे’ डोळ्याला कळू लागते. त्याच वेगाने येणारा सायकलस्वार मात्र ३३ मीटरवर येईपर्यंत त्याचे येणे जाणवत नाही. बसच्या बाबतीत चालकाला विचार करावयास बारा सेकंद मिळतात, सायकलीच्या बाबतीत सहा. चाळीस मीटरवरचा सायकलस्वार म्हणजे हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या नखाहूनही अरुंद असे एक चित्र असते. चालक त्याच्याकडे अर्धा सेकंद नजर टाकतो आणि ते चित्र त्या अर्ध्या सेकंदात त्याच्या लेखी हलतच नाही.

हिशेब आणखी एक पाऊल पुढे नेला तर एक चमत्कारिक निष्कर्ष हाती येतो. ताशी १२ किलोमीटरने रमतगमत येणारा सायकलस्वार चालकाच्या लक्षात येऊ लागतो तेव्हा टक्कर पावणेआठ सेकंद दूर असते. ताशी २५ किलोमीटरने येणारा तरुण लक्षात येऊ लागतो तेव्हा जेमतेम साडेपाच सेकंद उरलेले असतात. म्हणजे सायकल जितकी जलद, तितकी तिची पूर्वसूचना तोकडी. निसर्गाने दिलेली ही नजर पायी चालणाऱ्या प्राण्याला पुरेशी होती. चौकासाठी ती घडविलेली नाही.

याला जोड मिळते ती आकाराच्या भ्रमाची. पॅट्रिशिया डिल्युशिया यांनी १९९१ साली दाखवून दिले की, दूरची मोठी वस्तू आणि जवळची लहान वस्तू एकाच वेळी येत असल्या, तर लहान वस्तू उशिरा पोहोचेल असे पाहणाऱ्याला वाटते, मग ती प्रत्यक्षात आधी पोहोचणारी का असेना. २००५ साली मार्क हॉर्सविल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट रस्त्यावरील वाहनांची चित्रफीत दाखवून तपासली. मोटारी आणि मोटारसायकली समोरून येत असताना, मोटारसायकल मोटारीपेक्षा उशिरा पोहोचेल असा कौल पाहणाऱ्यांनी दिला. मोटारसायकलीची ही कथा, तर तिच्याहून सडपातळ आणि आवाजही न करणाऱ्या सायकलीची काय असेल? रात्रीच्या वेळी तर आकारच नाहीसा होतो आणि एक ठिपका तेवढा उरतो. ब्रिटनमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अंधारात एकाच दिव्यानिशी येणाऱ्या मोटारसायकलीचा वेग ओळखणे फार कठीण जाते आणि तिला तीन दिवे त्रिकोणात बसविले की अंदाज सुधारतो, असे आढळले. आपल्याकडील बहुसंख्य सायकलींना तो एक दिवाही नसतो. पूर्वी डायनॅमो असे, आणि दिवा नसला तर चौकातला पोलीस हटकीत असे. आता दिवाही गेला आणि हटकणेही गेले.

सायकल म्हणजे हळू

डोळ्याने माहिती दिली नाही म्हणून निर्णय थांबत नाही. रिकामी जागा मन भरून काढते, आणि मनाने ती भरावयाची म्हणजे पूर्वग्रहाने. सायकल म्हणजे हळू चालणारे वाहन, हा तो पूर्वग्रह होय. त्याला सर्वस्वी खोटे म्हणता येणार नाही. शहरातील सायकलस्वारांची सरासरी काढली तर ती ताशी पंधरा किलोमीटरच्या आगेमागे निघावी. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला या ठिकाणचा सापळा ताबडतोब दिसेल. चालक समोरच्या सायकलीचा वेग पाहतच नाही, तो सायकलींची सरासरी पाहतो. आणि सरासरीवर भिस्त ठेवणाऱ्याची चूक नेमकी सरासरीहून वेगळ्या माणसाच्या बाबतीत होते.

समजा, सायकलस्वार २५ मीटरवर आहे आणि थांबलेल्या मोटारीला वळून पलीकडे जाण्यास चार सेकंद लागणार आहेत. सायकलस्वार ताशी १२ किलोमीटरने येत असेल तर त्याला पोहोचावयास साडेसात सेकंद लागतील. मोटार निर्धास्त निघून जाईल. तो २५ किलोमीटरने येत असेल तर ३.६ सेकंदांत तो मोटारीच्या दारावर असेल. चालकाच्या नजरेला दोन्ही प्रसंग एकसारखेच दिसतात. अंतर तेच, सायकल तीच, वरचा माणूसही कदाचित तोच. एका प्रसंगी निर्णय योग्य ठरतो आणि दुसऱ्या प्रसंगी तोच निर्णय प्राणघातक ठरतो.

जर्मनीतील केम्निट्झ येथील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नेमके हेच प्रकर्षाने दिसून आले. ताशी १५ ते २५ किलोमीटर वेगाने येणाऱ्या सायकलींच्या चित्रफिती लोकांना दाखविण्यात आल्या आणि मध्येच थांबवून सायकल केव्हा पोहोचेल, असे विचारण्यात आले. वेग जसजसा वाढला तसतसा प्रत्यक्ष वेळेच्या मानाने लोकांचा अंदाज लांबत गेला. पुढच्या एका प्रयोगात, वळण घेण्यासाठी सायकलीपुढे किती फट पुरेशी वाटते, हे तपासले. तेव्हा सायकल जलद असेल तर लोक कमी वेळाची फट स्वीकारतात, असे आढळले. म्हणजे सावधगिरी जेथे वाढावयास हवी तेथेच ती घटते. त्याच प्रयोगात विजेवर चालणारी सायकलही होती. पाहणाऱ्यांना ती साध्या सायकलीहून वेगळी ओळखू येत नव्हती. तरीही वेग तोच असताना तिच्यापुढे लोकांनी अधिक लहान फट पसंत केली. सायकलीचा वेग माणसे पायांच्या हालचालीवरून आणि स्वाराच्या शरीरावरून ताडतात, हे याचे एक संभाव्य कारण. पाय संथ फिरत आहेत, स्वार ताठ बसला आहे, वाकलेला नाही, धापा टाकीत नाही. अर्थात तो हळू जात असणार!

भारतात हा प्रश्न उद्याचा राहिलेला नाही. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा अधिक वेग नसलेली विजेवरची दुचाकी येथे मोटार वाहन म्हणून नोंदवावी लागत नाही; तिला परवाना नाही, क्रमांकाची पाटी नाही. घरोघरी सामान पोहोचविणारी कितीतरी मुले आज अशाच वाहनांवर फिरत आहेत. पांढऱ्या केसांचे सेवानिवृत्त गृहस्थ विजेच्या सायकलीवरून, एका पायडलामागून दुसरे सावकाश फिरवीत, एखाद्या विशीतल्या खेळाडूच्या वेगाने चढ चढून जात आहेत. वाहनाचा वेग त्याच्या जातीवरून ठरविण्याची सवय असलेल्या चालकाने त्यांना काय म्हणून ओळखावे?

डाव्या वळणाचा प्रकार तर याहून विलक्षण आहे. मोटार ताशी ४० किलोमीटरने येऊन सायकलीला ओलांडते आणि तीस मीटरवरच्या गल्लीत डावीकडे वळते. ओलांडले म्हणजे मागे टाकले, असे चालकाच्या मनात असते. पण वळणासाठी त्याने वेग कमी केलेला असतो. ते तीस मीटर त्याने साडेतीन सेकंदांत कापले असे धरले, तर ताशी २० किलोमीटरने येणारा सायकलस्वार तेवढ्यात जवळपास वीस मीटर पुढे सरकलेला असतो. म्हणजे कोपऱ्यापासून तो दहा मीटरवर, दोन सेकंदांहूनही कमी वेळात पोहोचेल असा. आणि मोटार त्याच्या वाटेत आडवी! थांब्यासाठी डावीकडे घुसणारी बस आणि प्रवासी दिसताच कडेला झेपावणारी रिक्षा यांचा व्यवहारही हाच. आरसा असतो, पण मागे टाकलेली वस्तू आरशात पाहावी असे कोणाला वाटत नाही.

न कळणारी चूक

माणूस चुकांतून शिकतो, असे म्हणतात. चालकांना तर रोज शेकडो वेळा सराव मिळतो. मग हा अंदाज सुधारत का नाही? या प्रश्नाचे उत्तर मानसशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. दुकानदाराने मालाची किंमत चुकीची लावली तर माल पडून राहतो आणि त्याला चूक कळते. चौकातील चालकाला असा कोणताही संकेत मिळत नाही. त्याने सायकलीचा वेग कमी धरला, मोटार पुढे घातली, आणि सायकलस्वाराने ब्रेक दाबला. चालकाच्या दृष्टीने पाहिले तर काय दिसले? आपण निघालो, काहीही झाले नाही, सायकल अजून मागेच होती. अर्थात ती हळूच होती. चुकीची दुरुस्ती दुसऱ्याने इतक्या तत्परतेने केलेली असते की, चूक हीच अनुभव म्हणून जमा होते. वीस वर्षांचा अनुभव असलेला चालक असे वीस वर्षांचे खोटे पुरावे उराशी बाळगून असतो. सायकलस्वाराचा प्रत्येक यशस्वी ब्रेक हा चालकाच्या पूर्वग्रहाला मिळालेला एकेक दाखला होय.

हा ब्रेक फुकटचा नसतो. मोटारचालकाला थांबणे म्हणजे पायाचा एक दाब. सायकलस्वाराला ताशी २० किलोमीटरवरून थांबून पुन्हा तो वेग गाठावयाचा म्हणजे सपाट रस्त्यावर पाऊणशे ते शंभर मीटर सायकल चालविण्याइतके जादा श्रम. घरापासून कामापर्यंतच्या वाटेत असे पंधरा प्रसंग आले तर दीड किलोमीटरची वेठ झाली. ती कोणाच्याही हिशेबात येत नाही. सायकलस्वार चौकात थांबत नाहीत, सिग्नल तोडतात, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते आणि ती बहुतांशी खरीही आहे. पण ज्याला दर चौकात आपल्या घामाने थांबावे लागते त्याला थांबण्याचा कंटाळा अधिक असणार, हेही तक्रार करताना ध्यानात ठेवावयास हवे.

ज्या वेळी सायकलस्वार ब्रेक दाबीत नाही, किंवा दाबू शकत नाही, त्या वेळी काय होते याचे चित्र फिनलंडमधील एका अभ्यासात सापडते. रासानेन आणि सुम्माला यांनी १९९८ साली तेथील चार शहरांमधल्या १८८ मोटार-सायकल अपघातांची छाननी प्रसिद्ध केली. टक्कर होण्यापूर्वी मोटारचालकांपैकी केवळ ११ टक्क्यांनी सायकलस्वाराला पाहिले होते. सायकलस्वारांपैकी ६८ टक्क्यांनी मोटार पाहिली होती. आणि ज्यांनी ती पाहिली त्यांच्यातील ९२ टक्के लोकांना, कायद्यानुसार चालक आपल्याला वाट देईल, अशी खात्री वाटत होती. फिनलंडमधील सायकलस्वाराने कायद्यावर विश्वास ठेवला आणि तो जखमी झाला. आपल्याकडचा सायकलस्वार कायद्यावर विश्वास ठेवीत नाही, म्हणून तो बहुधा वाचतो; पण वाचता वाचता चालकाचे अज्ञान शाबूत ठेवतो.

आपल्या सरकारी आकडेवारीतही हे अज्ञान जसेच्या तसे उतरले आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली; त्यांपैकी सायकलस्वार सुमारे ४,८०० होते. या मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून अधिक ‘अतिवेग’ या एकाच सदरात टाकण्यात आले आहेत. उरलेली सदरे मद्यपान, चुकीच्या बाजूने वाहन हाकणे, सिग्नल तोडणे, मोबाइलचा वापर अशी. दुसऱ्याच्या वेगाचा अंदाज चुकला, हे सदरच नाही. ज्या कारणाला तक्त्यात रकाना नाही, त्या कारणासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, हा शासकीय व्यवहाराचा जुना नियम आहे.

पुण्याचे उदाहरण

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील पाळी सुटली की सायकलींचा लोंढा रस्त्यावर येई. महाविद्यालयांच्या आवारांत सायकलींच्या रांगा लागत. भाड्याची सायकल तासावर मिळे. पालिकेचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. त्या शहरातल्या मोटारचालकाने सायकलीचा अंदाज बरा बांधला असेल, तर त्यात त्याच्या सद्गुणाचा भाग थोडा होता. रस्त्यावर सायकल ही नेहमीची गोष्ट होती आणि मोटार ही तुरळक. शिवाय जो मोटार चालवी तो स्वतः सायकल चालवीतच मोठा झालेला असे. उतारावर सायकल कशी सुटते आणि पावसात तिचे ब्रेक कसे दगा देतात, हे त्याच्या गुडघ्यांना ठाऊक होते. आजचा तरुण शाळेच्या व्हॅनमधून उतरतो तो थेट स्कूटरवर बसतो.

अमेरिकेतील पीटर जेकबसन यांनी २००३ साली अनेक शहरांची आणि देशांची आकडेवारी तपासून एक निरीक्षण नोंदविले. सायकलस्वारांची संख्या दुप्पट झाली तर अपघात दुप्पट होत नाहीत. ते सुमारे एकतृतीयांशाने वाढतात, आणि म्हणून दर माणशी धोका तितक्याच प्रमाणात घटतो. हा हिशेब उलटा मांडला तर संख्या निम्मी झाल्यास उरलेल्या प्रत्येकाचा धोका सुमारे दीडपट होतो. संख्या वाढल्यामुळे धोका घटतो की धोका कमी असल्यामुळे संख्या वाढते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. पण सायकली विरळ झालेल्या शहरात चालकाची नजर त्या शोधत नाही, एवढे मान्य करावयास आकडेवारीची गरज नाही. ज्यांना शक्य होते त्यांनी सायकल सोडली. उरले ते पहाटे वर्तमानपत्रे टाकणारी मुले, रखवालदार, बांधकामावरचे मजूर, शाळकरी विद्यार्थी, आणि रविवारी सकाळी शिरस्त्राण घालून सिंहगडाकडे जाणारे हौशी. यांतील शेवटचा वर्ग सोडला तर कोणापाशीही महापालिकेच्या दारात जाऊन भांडावयास वेळ नाही.

उपाय म्हणून चालकांचे प्रबोधन करावे, असे सुचविले जाते. फलक लागतात, सप्ताह साजरे होतात. जे डोळ्याला दिसतच नाही ते फलक वाचून दिसू लागेल, ही अपेक्षा भाबडी होय. प्रशिक्षणाचा थोडा उपयोग आहे. ब्रिटनमध्ये २००२ पासून परवान्याच्या परीक्षेत चित्रफीत दाखवून, धोका केव्हा ओळखला हे तपासले जाते. महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची परीक्षा आता संगणकावर होत असल्याने तसे करणे खर्चाचेही नाही. तरीपण नजरेची मर्यादा परीक्षेने ओलांडता येत नाही. अंदाज चुकणारच, असे गृहीत धरून चुकीची किंमत उतरविणे, हाच पक्का मार्ग उरतो.

किंमत उतरते ती मोटारीचा वेग उतरविल्याने. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकनिशी आणि एक सेकंदात सावध होणाऱ्या चालकाला ताशी ५० किलोमीटरवरून थांबावयास सुमारे २८ मीटर लागतात. ३० किलोमीटरवरून १३ मीटर. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून पन्नासचा आघात तीसच्या आघाताच्या पावणेतीन पट पडतो. लंडनमधील जॉन वान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखविले की, प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना ताशी सुमारे ३२ किलोमीटरहून जलद येणारी मोटार जवळ येत आहे, हे खात्रीने ओळखता येत नाही. नजरेची मर्यादा ही अशी दोन्ही बाजूंना आहे, आणि तीस किलोमीटरच्या आसपास दोघांचीही नजर काम करू लागते. ऑस्ट्रियातील ग्राझ या शहराने मुख्य रस्ते वगळून सर्वत्र ही मर्यादा १९९२ साली लागू केली. ज्या फिनलंडमध्ये वरील अपघातांची छाननी झाली त्याच देशाच्या राजधानीत, हेलसिंकीत, निम्म्याहून अधिक रस्त्यांवर आता तीसची मर्यादा आहे. २०२५ च्या जुलैपर्यंतच्या बारा महिन्यांत तेथे वाहतुकीत एकही माणूस दगावला नाही. आपल्याकडे २०१८ साली केंद्राने काढलेल्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतील मोटारींची कमाल मर्यादा ७० किलोमीटर धरलेली होती. राज्यांना ती कमी करता येते. गल्लीबोळांच्या गर्दीमुळे पुष्कळदा ती आपोआप कमी होते, पण एकेरी केलेल्या रुंद रस्त्यांवर, रात्री नऊनंतर, चालक तिचा पुरेपूर लाभ उठवतात.

दुसरा भाग चौकाच्या रचनेचा. पुणे महानगरपालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला आणि त्यात आठशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या जाळ्याची कल्पना मांडली. त्याआधी २००६ साली सुरू झालेल्या जलद बसमार्गाच्या कडेनेही सायकल मार्गिका आखल्या होत्या. त्यांच्यावर उभ्या केलेल्या मोटारींविषयी आणि हातगाड्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याहून गंभीर दोष फारसा कोणी बोलून दाखवीत नाही. मार्गिका सरळ रस्त्यावर असते, म्हणजे जेथे तिची गरज त्या मानाने कमी तेथे असते, आणि चौक जवळ आला की ती संपते. झाडांच्या आणि उभ्या वाहनांच्या आडून सायकलस्वार अकस्मात मोटारींच्या प्रवाहात प्रकट होतो. ज्या चालकाने मागचे तीनशे मीटर त्याला पाहिलेलेच नाही, त्याने अर्ध्या सेकंदात त्याचा वेग ओळखावा अशी अपेक्षा असते. डाव्या बाजूचे मोकळे वळण तर अशा रीतीने गोलाईत कापलेले असते की, मोटारीने वेग कमी करूच नये. डच अभियंते याच्या उलट करतात. ते कोपरा काटकोनी ठेवतात, सायकलीचा मार्ग चौकात किंचित उंच उचलतात आणि वाहनांच्या रेषेपासून एका मोटारीच्या लांबीइतका आत सरकवतात. मोटार वळून जवळजवळ सरळ होते, थांबते, आणि मग सायकल चालकाच्या काचेसमोरून आडवी जाते. आडव्या जाणाऱ्या वस्तूचा वेग डोळ्याला ओळखता येतो.

असा कोपरा बांधावयास उड्डाणपुलाचा निधी लागत नाही. काँक्रीटचे काही ठोकळे, रंग आणि एक उंचवटा पुरतो. आठशे किलोमीटरच्या जाळ्याची वाट पाहण्याऐवजी, शाळा आणि कारखाने यांच्या वाटेवरचे चौक आधी निवडून तेथून कामाला सुरुवात करता येईल. सकाळी साडेसहा ते साडेसात या वेळात कोणत्या चौकातून किती सायकली जातात, हे मोजावयास दोन कारकून आणि एक वही एवढे पुरेसे आहे.